घरी गिटार रेकॉर्ड करायची आहे: जुना ॲम्प दुरुस्त करू की इंटरफेस घेऊ?

सहावीतार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) इलेक्ट्रिक गिटार आणि १५ वॉटचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, आहे. दोन्ही वापरलेलेच घेतले होते. ॲम्पचं वय साधारण १८ वर्षं. गेल्या वर्षभरात त्याने एकेक दुखणी काढायला सुरुवात केली आहे. चालू केला की सतत घुंऽऽ असा आवाज येतो. वाजवता वाजवता आवाज अचानक खोल जातो, जाड चादरीखालून आल्यासारखा, आणि एखादी कॉर्ड जोरात मारली की परत उसळून येतो. ट्रेबलची नॉब फिरवली की खरखर होते. शिवाय गिटारच्या जॅकमध्ये केबल जरा हलली की कडकड.

चुलतभावाने त्याचा जुना ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइकचा आवाज संगणकात नेणारा डबा) देऊन टाकलाय, पण तो फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचा आहे आणि माझ्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही.

मला मोठं काही करायचं नाही. मनात बऱ्याच धुना साठल्या आहेत, त्या विसरण्याआधी नीट रेकॉर्ड करायच्या आहेत. एका गिटारवर दुसरी, जमलं तर तिसरी. वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर आणि शेजारच्या खोलीत मुलगी झोपलेली असते.

एका तंत्रज्ञाने ॲम्प न उघडताच दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, तो आणि दोन इनपुटच्या नव्या इंटरफेसची किंमत जवळपास सारखीच आहे. दोन्ही एकदम जमणार नाही. काय करू?

मंद्रसप्तक

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे असं मला वाटतं. ॲम्प अगदी नव्यासारखा झाला असं धरून चाला. आता त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये शिरणार कसा? माइक लागेल, आणि तो माइक जोडायला इंटरफेसच लागेल. म्हणजे दुरुस्तीवर पैसे घालवूनही रेकॉर्डिंगच्या बाबतीत तुम्ही आज आहात तिथेच राहाल. उलट इंटरफेस घेतलात तर गिटार थेट त्यात, हेडफोन कानाला, ॲम्पचा आवाज सॉफ्टवेअरमधून. रात्री साडेदहाला घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

माझं मत सरळ इंटरफेसला.

जुनाजॅक

मंद्रसप्तक, तर्क बरोबर आहे, पण ॲम्प इतक्या सहज बाजूला टाकू नका. व्हॉल्व्ह ॲम्प ही दुरुस्त होत राहणारी वस्तू आहे. कॅपॅसिटर, रेझिस्टर, जॅक, व्हॉल्व्ह, सगळं सुटं मिळतं आणि हाताने बदलता येतं. १८ वर्षं हे त्याच्यासाठी फार वय नाही, नीट काळजी घेतली तर आणखी २० वर्षं चालेल. इंटरफेसचं तसं नाही. आतले भाग तांदळाच्या कण्यांएवढे, आणि बोर्ड चांगला असला तरी कंपनीने ड्रायव्हर द्यायचं थांबवलं की तो निकामी. पुरावा तुमच्याच घरात पडलाय, चुलतभावाचा फायरवायरवाला. तो बिघडलेला नाही, पण आज त्याला जोडायचं कशाला?

आणि ॲम्पसमोर बसून वाजवताना हात वेगळा चालतो. तार छेडल्यावर समोरची हवा हलते, ते हेडफोनमध्ये नाही.

डाखकाम

सहावीतार, काहीही ठरवण्याआधी दोन दिवस थांबा. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारी म्हणजे चार वेगवेगळे दोष असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्यातले निदान दोन जवळजवळ फुकटात जातील असा माझा अंदाज आहे. न उघडता सांगितलेला आकडा सगळं एकत्र धरून सांगितलेला असतो.

आधी ते आवाज खोल जाणं. ॲम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचे (बाहेरचं इफेक्टचं उपकरण मधे जोडायची सोय) दोन जॅक आहेत का, सेंड आणि रिटर्न? असतील तर या लक्षणात पहिला संशय रिटर्न जॅकवर. त्याच्या आत एक पातळ पत्र्याची पट्टी असते. तिथे काही लावलेलं नसताना गिटारचा सगळा आवाज त्या पट्टीच्या टोकावरून पुढे जातो. वर्षानुवर्षं ते भोक कुणी वापरत नाही, पट्टीवर ऑक्साइडचा थर चढतो आणि संपर्क कच्चा होतो. जोरात कॉर्ड मारल्यावर आवाज परत येतो, कारण मोठा सिग्नल तो थर भेदून जातो. परीक्षा सोपी आहे. एक छोटी चांगली केबल घ्या, एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. आता तासभर वाजवा. आवाज एकदाही खोल गेला नाही तर चोर सापडला.

मग घुंऽऽ. गिटारची केबल ॲम्पमधून काढा, सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि ऐका. गेला तर तो गिटार, केबल किंवा ॲम्पच्या पहिल्या टप्प्यांतून येतोय. तसाच राहिला तर पॉवर सप्लायच्या बाजूचा. फोनवरचा ट्यूनर त्याच्यासमोर धरा. मेन्स, म्हणजे घरातली वीज, ५० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) उरलेली लहर १०० हर्ट्झची असते. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा, म्हणजे ट्यूनर जी दाखवेल, थोडा चढा. मेन्स ६० ची असेल तर १२० हर्ट्झ, ए तारेच्या पहिल्या फ्रेटचा ए शार्प आणि दुसऱ्या फ्रेटचा बी यांच्या जवळजवळ मधोमध. हा सूर दिसला तर ती लहर गाळणारे फिल्टर कॅपॅसिटर सुकत आलेत असं समजा. हे इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे असतात आणि १५-२० वर्षांत बरेचदा सुकतात.

गिटारचा जॅक मात्र आजच उघडा. दोन स्क्रू असतात. कोणत्याही मार्गाने गेलात तरी आवाज त्यातूनच जाणार आहे.

ॲम्पचं पाठचं पॅनल उघडून आत हात घालू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढून ठेवल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. ते काम जाणत्याचंच.

खुंटी

डाखकाम यांच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला माझं कळकळीचं अनुमोदन, कारण ही चूक मी केली आहे.

मी आधी इंटरफेस घेतला. गिटारचा जॅक थोडा सैल होता, पण ॲम्पवर वाजवताना ते कधी खुपलं नव्हतं. पहिलीच धून रेकॉर्ड करायला बसले. नऊ टेक घेतले आणि नऊही टेकमध्ये सी वरून एफ वर जाताना बारीकसा टक् असा आवाज. मी बफर वाढवला, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, यूएसबीचं भोक बदललं, केबल बदलली, लॅपटॉपचं वायफाय बंद करून पाहिलं. दोन शनिवार-रविवार गेले. शेवटी ती जागा स्क्रीनवर इतकी मोठी केली की आवाजाचा एकेक नमुना (सॅम्पल) ठिपक्यासारखा दिसायला लागला. टक् च्या जागी एक सरळ उभी रेघ होती. मग त्या क्षणी माझं शरीर काय करतंय ते पाहिलं. बॅरेसाठी (एका बोटाने सगळ्या तारा दाबताना) डावा हात ताणताना गिटार जरा पुढे सरकायची आणि केबल मांडीवर दाबली जायची. जॅकचा नट सैल, त्यामुळे पूर्ण जॅक आत फिरायचा आणि वायर तिथल्या तिथे एका तंतूवर लटकत होती.

ॲम्पचा स्पीकर वरचे सूर बरेच गिळून टाकतो, त्यामुळे तिथे हे झाकलं जातं. थेट इंटरफेसमध्ये काहीच झाकलं जात नाही. म्हणून गिटार आणि केबल आधी.

पडघम

मधेच विचारतो, माफ करा. लॅपटॉपला माइकचं भोक असतंच की. मोठ्या जॅकचा छोटा करणारा कन्व्हर्टर लावून गिटार थेट त्यात घातली तर इंटरफेस कशाला हवा? मी करून पाहिलं, आवाज येतो, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

मंद्रसप्तक

पडघम, चांगला प्रश्न आहे. ती उशी नेमकी कुठून येते ते सांगतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. त्या कॉइलचा इंडक्टन्स सिंगल कॉइलमध्ये साधारण दोन-अडीच हेन्री असतो. इंडक्टन्सचा स्वभाव असा की वारंवारिता जितकी जास्त, तितका त्याचा अडथळा जास्त. अडीच हेन्रीचं कॉइल १०० हर्ट्झला दीड किलोओहमच्या आसपास अडवतं, पण ५००० हर्ट्झला ७८ किलोओहम. आता माइकच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा एकूण अडथळा, असतो दोन-तीन किलोओहम. इतक्या कमी भाराला वरचे सूर पोचवण्याची ताकद त्या कॉइलमध्ये उरतच नाही. ते पिकअपच्या आतच अडकतात, खालचे तेवढे निघून येतात. तीच तुमची उशी.

इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण असतं, त्यामागे १ मेगाओहमचं इनपुट असतं. ॲम्पच्या इनपुटलाही साधारण तेवढंच. गिटारला ॲम्प समोर आहे असंच वाटतं आणि ती मोकळी वाजते. नवीन लोक इंटरफेस घेतात आणि ते बटण दाबायला विसरतात, मग इंटरफेसलाच नावं ठेवतात.

शिवाय लॅपटॉपच्या माइक इनपुटवर छोट्या माइकसाठी डीसी दाब सोडलेला असतो. गिटारला त्याचा काही उपयोग नाही.

बफर१२८

उशिराबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये माणूस कंटाळून सोडून देतो तो बहुतेकदा याच कारणाने.

तार छेडली आणि हेडफोनमध्ये आवाज आला, यामधला वेळ म्हणजे लेटन्सी. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. ती बादली म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांची बादली भरायला २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, शिवाय कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेळ. सगळं मिळून आठ-दहा मिलिसेकंदात बसलं तर हाताला कळत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवणं. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड वापरलं तर हाच आकडा कित्येक पट होतो आणि ताल पायाखालून सरकतो.

म्हणून विंडोजवर असाल तर ज्याचा स्वतःचा एएसआयओ (कमी लेटन्सीचा) ड्रायव्हर आहे असाच इंटरफेस घ्या. वाजवताना बफर ६४ किंवा १२८, नंतर मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. कायम एकच आकडा ठेवायचं कारण नाही.

जुनाजॅक यांची ड्रायव्हरची काळजी रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. यूएसबीचा ‘क्लास कम्प्लायंट’ इंटरफेस घ्या. तो मॅक आणि लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. विंडोज १० मध्येही यूएसबी ऑडिओ २ चा आधार २०१७ पासून अंगभूत आहे. म्हणजे कंपनीने उद्या हात वर केले तरी डबा अगदीच मुका होणार नाही.

फायरवायरवर मात्र आता वेळ आणि पैसा घालू नका. ते १९९५ चं मानक. ॲपलनेच ते वाढवलं आणि २०२५ च्या मॅकओएस २६ मधून ॲपलनेच त्याचा आधार काढून टाकला. अडॅप्टरच्या साखळ्या जोडून आज चालवाल, पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

सहावीतार

इतक्या मनापासून उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची आभारी आहे. डाखकाम, तुम्ही सांगितलेल्या परीक्षा केल्या.

लूप आहे. सेंड ते रिटर्न केबल लावून काल सव्वा तास वाजवलं. आवाज एकदाही खोल गेला नाही! केबल काढली, आणि दहा मिनिटांत चादर परत. वर्षभर मी व्हॉल्व्ह गेले म्हणून हळहळत होते.

घुंऽऽ मात्र व्हॉल्यूम शून्यावरही तसाच. ट्यूनरने जी दाखवला, काटा उजवीकडे झुकलेला. म्हणजे कॅपॅसिटर.

गिटारचा जॅक उघडला. नट हाताने फिरत होता. आतली एक वायर सोल्डरच्या मण्यातून जवळजवळ सुटलेली. सोल्डरिंग कधी केलेलं नाही, करावं का?

आणि एक. ॲम्पच्या मागे एक्स्टेंशन स्पीकरचं एक भोक आहे. उद्या इंटरफेस घेतला तर त्यातून केबल काढून थेट इंटरफेसमध्ये घातली तर माइकचा खर्च वाचेल का?

डाखकाम

स्पीकरच्या भोकातून इंटरफेसमध्ये केबल घालू नका. कधीच नाही. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

१५ वॉट ८ ओहममध्ये म्हणजे जवळजवळ ११ व्होल्ट. इंटरफेसचं लाइन इनपुट सव्वा व्होल्टच्या आसपासच्या पातळीसाठी बनवलेलं असतं. ते जळू शकतं. त्याहून वाईट म्हणजे काही ॲम्पमध्ये तिथे जॅक घातला की आतला स्पीकर सुटतो. मग व्हॉल्व्ह ॲम्पला भार उरत नाही आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ॲम्पमधला तो सगळ्यात महाग भाग.

पण तुमच्या प्रश्नामुळे एक चांगली गोष्ट आठवली. तुमच्याकडे लूप आहे ना? सेंडमधून जो सिग्नल निघतो तो तुमच्या ॲम्पच्या प्रीॲम्पचा (पॉवर विभागाआधीचा भाग), तुमच्या नॉब्सनी घडवलेला आवाज आहे आणि त्याची पातळी इंटरफेसच्या लाइन इनपुटला झेपणारी असते. सेंडमधून केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटला न्या. रिटर्नमध्ये आतून दोन्ही टोकं जोडलेला एक शॉर्ट जॅक घाला. साध्या सीरिज लूपमध्ये तसं केल्यावर पॉवर विभागाकडे जाणारा रस्ता तुटतो आणि स्पीकर गप्प होतो. स्पीकर आत जोडलेलाच आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर सुरक्षित. मुलगी झोपलेली असताना तुमचा स्वतःचाच ॲम्प हेडफोनवर वाजेल.

एवढंच की सेंडचा आवाज स्पीकरशिवायचा असतो, फार टोकदार, माशीसारखा. त्याच्यापुढे सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावावा लागतो. मोफत मिळतात.

सोल्डरिंग जरूर करा. जॅक हे शिकायला सगळ्यात चांगलं काम आहे, जागा मोठी आणि दोनच वायरी. आधी पान्याने नट आवळताना आतून जॅक बोटांनी धरा, नाहीतर तो फिरून उरलेली वायरही तोडेल. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सैल वाटली तर अगदी किंचित आत वाकवा. मग सोल्डरिंग आयर्न आधी जॅकच्या टोकाला टेकवून ते तापू द्या आणि सोल्डर जॅकच्या तापलेल्या टोकाला लावा, आयर्नला नाही. वितळून चकचकीत पसरला की झालं. मळकट गोळा बनून बसला तर तो सांधा कच्चा, पुन्हा तापवा. थंड होईपर्यंत वायर हलू देऊ नका.

जुनाजॅक

लूपची ही युक्ती मी इतकी वर्षं व्हॉल्व्ह ॲम्प वापरून कधी करून पाहिली नव्हती. डाखकाम, आभार.

मी मत थोडं बदलतो. आधी इंटरफेस घ्या, पण ॲम्प विकू नका आणि कोपऱ्यात धूळ खात ठेवूही नका. फिल्टर कॅपॅसिटर बदलेपर्यंत तासन् तास चालू ठेवू नका. आत डोकावता येत असेल तर प्लग काढून टॉर्चने नुसतं बघा, डबीचं टोक फुगलंय का, खाली चिकट ओघळ आहे का. तसं काही दिसलं तर अजिबात चालू करू नका.

खुंटी

जाता जाता एक, कुणी म्हटलं नाही म्हणून. तारा शेवटच्या कधी बदलल्या? इंटोनेशन कधी पाहिलं? बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. एकट्या गिटारमध्ये थोडा फरक खपून जातो. एकावर एक तीन गिटार चढवल्या की तो फरक तिप्पट ऐकू येतो आणि माणूस मिक्सिंगला दोष देत बसतो. माझ्या पहिल्या चार धुना अशाच वाया गेल्या आहेत.

पडघम

सॉफ्टवेअरचा ॲम्प म्हणजे नेमकं काय घ्यायचं? सगळं विकतच दिसतंय.

बफर१२८

नाही, पडघम. न्यूरल ॲम्प मॉडेलर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि लोकांनी स्वतःच्या खऱ्या ॲम्पवरून घडवलेली मॉडेल्स त्यासाठी भरपूर वाटली जातात. रेकॉर्डिंगसाठी मॅकवर गॅरेजबँड आहेच. विंडोजवर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. लिनक्सवर आर्डर. सुरुवातीला एक मॉडेल, एक कॅबिनेट एवढंच ठेवा आणि महिनाभर बदलू नका. शंभर मॉडेल्स चाळण्यात जी संध्याकाळ जाते, तिच्यात एक धून झाली असती.

रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवा आणि गेन इतकाच की जोरात वाजवल्यावर काटा -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये जाईल. लाल दिवा एकदाही लागू देऊ नका. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं जोडता येत नाही. आणि ॲम्पचं सॉफ्टवेअर लावण्याआधीचा कोरा आवाज फाइलमध्ये राहू द्या. सहा महिन्यांनी कान तयार झाला की त्याच वाजवण्याला दुसरा ॲम्प लावता येतो.

सहावीतार

दहा दिवसांनी लिहितेय.

जॅकचं सोल्डरिंग केलं. पहिल्यांदा मळकट गोळाच झाला, डाखकाम यांनी लिहिलं होतं अगदी तसा. दुसऱ्यांदा टोक नीट तापू दिलं आणि सोल्डर एकदम पाण्यासारखा पसरून चकचकीत बसला. तो क्षण फार आवडला. आता केबल कशीही हलवली तरी कडकड नाही. तारा बदलल्या, इंटोनेशन केलं. जी तार बरीच चढी निघाली.

मग मैत्रिणीचा इंटरफेस चार दिवस मागून आणला आणि रोज रात्री बसले. पहिल्या रात्री थेट गिटार घेऊन ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केली. मीटर -५२ च्या आसपास, गुणगुण स्पष्ट. लॅपटॉपचा चार्जर काढला, -५८. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं, -६७. सिंगल कॉइल कुठे तोंड करून बसतेय याने एवढा फरक पडतो हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आता जमिनीवर खडूने खुर्चीची खूण केली आहे.

तिसऱ्या रात्री लूपचा प्रयोग. सेंडमधून लाइन इनपुट, रिटर्नमध्ये शॉर्ट जॅक. स्पीकर गप्प, फक्त मागच्या जाळीतून व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड. आणि हेडफोनमध्ये माझा ॲम्प! सॉफ्टवेअरवाला नव्हे, माझाच, तीच ती जरा नाकात बोलणारी मधली पट्टी. सेंडमध्ये तो घुंऽऽ खूपच कमी आहे, वाजवताना ऐकूच येत नाही. एक धून दोन गिटारांची पूर्ण झाली. दुसरी गिटार चौथ्या टेकला जमली. सकाळी मुलीला ऐकवली तर तिने विचारलं, यातली तू कोणती.

इंटरफेस घ्यायचं ठरलं, दोन इनपुटचा, क्लास कम्प्लायंट. ॲम्पचं काम चार-पाच महिन्यांनी, पैसे साठले की. तंत्रज्ञाला आता नेमकं सांगता येईल की फिल्टर कॅपॅसिटर, रिटर्न जॅक आणि ट्रेबलचा पॉट (नॉबखालचा फिरता भाग). एवढ्याच कामाचा आकडा फोनवर विचारला, तर आधीच्या निम्म्याहून कमी आला.

त्याला आणखी काही सांगायला हवं का?

डाखकाम

छान वाटलं वाचून. खडूची खूण तर फारच आवडली.

तंत्रज्ञाला तीन गोष्टी सांगा. पॉट साफ करूनही खरखर राहिली तर त्याच्या आधीच्या कॅपॅसिटरमधून डीसी गळतोय का ते मोजायला सांगा, नाहीतर नवा पॉटही महिन्याभरात खरखरेल. तुमच्या ॲम्पमध्ये ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी असेल, तर असे बरेच ॲम्प कॅथोड बायसचे असतात. त्यात बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारी जुळणी) जुळवायला नॉब नसते, पण कॅथोडचा रेझिस्टर आणि त्याच्यावरचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर यांचंही वय तेवढंच झालेलं आहे. फिल्टर बदलताना तोही बदलून घ्या, भाग क्षुल्लक किमतीचा आहे. आणि काढलेले जुने भाग परत मागा. कोणता बदलला आणि त्यावर काय आकडा छापलाय ते चिठ्ठीवर लिहून ॲम्पच्या आत चिकटवायला सांगा. पुढे कधी कुणी तो उघडेल तेव्हा त्याला शून्यापासून शोधावं लागणार नाही.

खुंटी

धून इथे टाका ना. आणि दुसरी गिटार कोणत्या पिकअपवर वाजवलीत तेही लिहा.

सहावीतार

टाकते, एका जागी ताल थोडा सुटलाय तेवढा पुन्हा वाजवून. पहिली गिटार मानेकडच्या पिकअपवर, दुसरी मधल्या आणि ब्रिजच्या जोडीवर. त्या जोडीवर गुणगुण जवळजवळ नाहीशीच होते, ती का होते तेही कुणीतरी सांगा.

मंद्रसप्तक

बऱ्याच गिटारांत मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट चुंबकाचं असतं. तारेचा आवाज दोन्हीतून एकाच दिशेने येतो, पण बाहेरून आलेली गुणगुण एकात सुलटी आणि दुसऱ्यात उलटी, म्हणून ती एकमेकींना खाऊन टाकते. हंबकरचंही (दोन कॉइलच्या पिकअपचंही) तत्त्व हेच. मधलं आणि मानेकडचं अशी जोडी लावून बघा, तिथेही तसंच व्हायला हवं.